थेट प्रक्षेपण आणि प्रोसेसरवरील भार

स्नेहसंमेलनाचे दिवस आणि ऊसतोडणीचा हंगाम हे बहुधा एकाच काळात येतात. मराठवाड्यातील अनेक गावांतील पालक त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात अगर कर्नाटकात उसाच्या फडावर असतात आणि त्यांचे मूल इकडे आजीआजोबांपाशी राहून शाळेच्या रंगमंचावर लेझीम खेळत असते. तो कार्यक्रम संगणकाच्या साहाय्याने थेट प्रक्षेपित केल्यास कोपीवर असलेल्या आईला तो आपल्या मोबाइलवर पाहता येतो. २०२० साली शाळा बंद असताना पुष्कळ शिक्षकांनी घरच्या घरी पाठांचे चित्रमुद्रण करण्याचे कौशल्य संपादन केले. तेच आता ह्या कामी उपयोगी पडत आहे. परंतु अनेकदा असे घडते की, कार्यक्रम ऐन रंगात आला असता चित्र अडखळू लागते, खेळणाऱ्या मुलांचे हातपाय तुटक तुटक हलतात आणि नेमके पाहावयाचे तेवढेच दिसत नाही. मग दोष ‘रेंज’ला दिला जातो. कित्येकदा तो रेंजचा नसतो; टेबलावरील संगणकाच्या प्रोसेसरवर त्याला झेपेल त्याहून अधिक काम लादलेले असते. हे काम कोणते, ते किती आणि ते हलके कसे करता येते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम कामाचे परिमाण पाहावे. कॅमेऱ्यातून येणारे चित्र म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चौकटी होत. व्यवहारात त्यांना फ्रेम म्हणतात. ७२० ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्राची रुंदी १,२८० बिंदू व उंची ७२० बिंदू असते. म्हणजे एका चौकटीत ९,२१,६०० बिंदू झाले. सेकंदाला २५ चौकटी घेतल्या तर सेकंदाला २,३०,४०,००० बिंदू येतात. रंगाची माहिती नेहमीच्या रीतीने निम्म्या बारकाव्याने ठेवून सरासरी प्रत्येक बिंदूस १२ बिट धरले, तरी सेकंदाला सुमारे २७६ मेगाबिट होतात. गावातील मोबाइल जोडणीतून अडीच मेगाबिट वर गेले तरी पुष्कळ. तेव्हा मूळ माहितीचा साधारण एकशेदहावा भागच पाठवावयाचा आणि तरीही पाहणाऱ्यास चित्र पूर्ण वाटले पाहिजे. हा संक्षेप करण्याच्या क्रियेस एन्कोडिंग, म्हणजे सांकेतीकरण, असे म्हणतात. सातवीच्या वर्गात गुणाकार व गुणोत्तर शिकविताना हे उदाहरण सहज घेता येईल. आकडे मोठे असले तरी मुलांच्या हातातील वस्तूविषयीचे आहेत.

हा संक्षेप कसा साधतो? आज सर्वाधिक प्रचारात असलेली पद्धती एच.२६४ ही होय. ती २००३ साली प्रमाणित झाली. तीत चौकटीचे १६ बिंदू रुंद व १६ बिंदू उंच असे चौरस तुकडे पाडले जातात. ७२० च्या एका चौकटीत असे ३,६०० तुकडे होतात. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे ९०,००० तुकडे. प्रत्येक तुकड्याबाबत प्रोसेसर एकच प्रश्न विचारतो : हाच तुकडा मागील चौकटीत कोठे होता काय? तो सापडल्यास तुकडा पुन्हा लिहावा लागत नाही. ‘मागच्या चौकटीतील अमुक जागेवरून उचलून इकडे ठेवावा’ एवढेच लिहिले की पुरते. जो थोडा फरक उरतो, त्याचे गणिती रूपांतर करून त्यातील डोळ्यास न जाणवणारा अंश टाकून दिला जातो. ह्या रूपांतराचा पाया असलेली पद्धत १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव ह्यांनी प्रसिद्ध केली. ह्यांपैकी नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. आज जगात जे चित्र मोबाइलवर पाहिले जाते, त्यातील बहुतेकांच्या मुळाशी ते किंवा त्यापासून निघालेले गणित आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

खरा भार आहे तो शोधण्याच्या कामाचा. समजा, प्रत्येक तुकड्यासाठी मागील चौकटीत चारही बाजूंस केवळ १६ बिंदूंपर्यंतच्या सर्व जागा तपासावयाच्या ठरविल्या. अशा जागा ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ होतात. प्रत्येक जागी २५६ बिंदूंची तुलना करावयाची. सेकंदाच्या ९०,००० तुकड्यांसाठी हा हिशेब २,५०९ कोटी तुलनांवर जातो. इतके परिश्रम घरगुती संगणकाकडून करून घेणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून सांकेतीकरणाच्या आज्ञावलीत सर्व जागा न तपासता हिऱ्याच्या किंवा षट्कोनाच्या आकारात मोजक्या जागा पाहून पुढे सरकण्याच्या युक्त्या योजलेल्या असतात. कोणती युक्ती वापरावयाची आणि किती वेळ शोधत राहावयाचे, हे ठरविणे वापरणाऱ्याच्या हाती असते. प्रोसेसरवरील भाराचे नियोजन म्हणजे मुख्यतः ह्या शोधाला मर्यादा घालणे.

मर्यादा का घालावी लागते, हे शिक्षकास श्रुतलेखनाच्या दाखल्याने तत्काळ उमगेल. पुस्तकात पाहून लेखन करताना विद्यार्थी वळणदार अक्षर काढतो, चुकल्यास खोडतो, दमल्यास थांबतो. पान संपते एवढेच, वेळेचे बंधन नसते. श्रुतलेखनात मात्र सांगणारा थांबत नाही. जो विद्यार्थी तेथेही वळणाच्या मागे लागतो, त्याचे शब्द गळतात. जो अक्षर थोडे साधे ठेवतो, त्याचे वाक्य पुरे होते. मुद्रित चित्रफितीचे सावकाश सांकेतीकरण हे पाहून लिहिण्यासारखे आहे, थेट प्रक्षेपण हे श्रुतलेखन होय. सेकंदाला २५ चौकटी असतील तर प्रत्येक चौकटीस ४० सहस्रांश सेकंद मिळतात. त्यांऐवजी सरासरी ४४ सहस्रांश सेकंद लागले तर फरक किरकोळ वाटतो. पण मिनिटाच्या १,५०० चौकटींपैकी सुमारे १३६ चौकटी गळतात आणि लेझीम अडखळू लागते.

दोष नक्की कोठे आहे, हे आधी ठरविल्याशिवाय उपाय करू नये. थेट प्रक्षेपणासाठी ओबीएस स्टुडिओ ही विनामूल्य आज्ञावली सर्वत्र वापरतात. तीत ‘स्टॅट्स’ नावाचा फलक आहे. त्यावर गळालेल्या चौकटींचे तीन वेगळे आकडे दिसतात आणि तिन्हींचा अर्थ भिन्न आहे. ‘रेंडरिंग लॅग’चा आकडा वाढत असेल तर दृश्य जुळविण्याचे, म्हणजे चित्रे एकावर एक बसविण्याचे, काम चित्र-प्रक्रियकाला, ज्याला ग्राफिक्स म्हणतात त्याला, झेपत नाही. ‘एन्कोडिंग लॅग’चा आकडा वाढत असेल तर सांकेतीकरण मागे पडत आहे. आणि ‘नेटवर्क’पुढील आकडा वाढत असेल तरच रेंजला बोल लावावा. ह्या तीन ओळी न पाहता नवा संगणक विकत घेण्याचा प्रस्ताव करणे, किंवा उलट प्रोसेसर थकलेला असता मोबाइल घेऊन गच्चीवर चढणे, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच व्यर्थ आहेत. विंडोज असलेल्या संगणकात कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो व तेथे प्रोसेसरचा एकूण भार टक्क्यांत दिसतो. मात्र चार गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये एकच गाभा पुरता गुंतलेला असेल तर एकूण आकडा २५ टक्केच दिसेल. म्हणून आलेख प्रत्येक गाभ्याचा वेगळा करून पाहावा.

आता भार हलका करण्याकडे वळू. सर्वांत मोठा लाभ चित्राचा आकार व चौकटींची संख्या कमी केल्याने होतो. १,९२० बाय १,०८० चे चित्र सेकंदाला ३० चौकटींनी पाठवावयाचे तर तुकडे सेकंदाला २,४४,८०० होतात. ७२० चे चित्र २५ चौकटींनी पाठविले तर ९०,०००. काम जवळजवळ पावणेतीन पटींनी घटले. कोपीवरील पालक ज्या मोबाइलवर पाहणार, त्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर ह्या दोहोंतील भेद क्वचितच लक्षात येतो. मोठ्या आकड्याचा मोह हा शोभेचा आहे, उपयोगाचा नव्हे. २५ ही संख्या निवडण्यास आणखी एक कारण आहे. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. चौकटी २५ ठेवून कॅमेऱ्याचा शटर एक-पन्नासांश सेकंदावर ठेवल्यास चित्रात सरकणारे काळे पट्टे दिसत नाहीत. कॅमेराही शक्यतो ७२० वरच लावावा. त्यावरून मोठे चित्र घ्यावयाचे आणि मग संगणकाकडून ते लहान करून घ्यावयाचे, हा दुहेरी खटाटोप होय. शिवाय यूएसबीवरील पुष्कळ वेबकॅम मोठे चित्र एका प्रकारे संक्षिप्त करून पाठवितात आणि ते उलगडण्याचे कामही प्रोसेसरवरच पडते.

दुसरे साधन म्हणजे शोध किती कसोशीने करावयाचा, त्याची निवड. एक्स२६४ ह्या प्रसिद्ध सांकेतकात तिची दहा नावे आहेत. अल्ट्राफास्ट, सुपरफास्ट, व्हेरीफास्ट येथून सुरुवात होऊन मीडियमवरून ती स्लो, व्हेरीस्लो व शेवटी प्लासिबो येथवर जातात. नावे रेल्वेच्या वेळापत्रकातील वाटली तरी अर्थ सरळ आहे : जितके वेगवान तितका शोध थोडा, प्रोसेसरवर भार कमी, आणि त्याच बिटरेटला चित्र किंचित भरड. थेट प्रक्षेपणासाठी ओबीएस मुळातच व्हेरीफास्ट निवडून देते व ते योग्यच आहे. जुन्या संगणकावर चौकटी गळत असल्यास सुपरफास्टवर यावे. मीडियमवर नेऊन चित्र सुधारण्याचा प्रयत्न चाचणी घेतल्याखेरीज करू नये. चित्र किंचित भरड असले तरी पाहणाऱ्याला मूल ओळखता येते. गळालेल्या चौकटीत ते मुळी नसतेच.

बिटरेटविषयी येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बिटरेट म्हणजे सेकंदाला किती माहिती वर पाठवावयाची तो आकडा. तो कमी केला की प्रोसेसर हलका होतो, अशी समजूत आढळते. वस्तुतः तुकडे तितकेच राहतात आणि शोधही तितकाच करावा लागतो. उरलेली माहिती लिहिण्याचे काम मात्र थोडे घटते. तेव्हा बिटरेट हा रेंजवरील उपाय आहे, प्रोसेसरवरील नव्हे. ७२० च्या चित्रास २,५०० किलोबिट ठेवले तर तासाला सुमारे १.१२ जीबी माहिती खर्च होते. दैनिक दीड जीबीच्या मोबाइल-पॅकवर तीन तासांचे संमेलन चालणार नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

ज्या संगणकात इंटेलच्या कोअर मालिकेचा २०११ नंतरचा प्रोसेसर आहे, त्यातील बहुतेकांत क्विक सिंक नावाचा स्वतंत्र विभाग असतो. तो एच.२६४ सांकेतीकरण स्वतः करतो व मुख्य गाभे जवळजवळ मोकळे राहतात. एनव्हिडियाच्या कार्डांत २०१२ पासून एनव्हीईएनसी हा असाच विभाग आहे. ओबीएसच्या सांकेतकांच्या यादीत ह्यांपैकी एखादे नाव दिसत असेल तर ते निवडून पाहणे हा पुष्कळदा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. फार जुन्या पिढीचे विभाग नव्या आवृत्तीत दिसतीलच असे नाही, आणि त्यांचे चित्र त्याच बिटरेटला एक्स२६४ पेक्षा थोडे उणे असते. परंतु जेथे प्रोसेसर दुबळा आहे तेथे हे उणेपण पत्करावे. एचईव्हीसी व एव्ही१ ह्या अनुक्रमे २०१३ व २०१८ सालच्या नव्या पद्धती कमी माहितीत चांगले चित्र देतात, पण प्रोसेसरकडून कितीतरी अधिक श्रम मागतात. शाळेच्या जुन्या संगणकावर थेट प्रक्षेपणासाठी त्यांचा विचार करू नये.

ह्याव्यतिरिक्त भार वाढविणाऱ्या लहानसहान गोष्टी असतात व त्यांकडेच बहुधा दुर्लक्ष होते. प्रक्षेपण नीट चालले आहे की नाही, हे त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहण्याची सवय वाईट. ते चित्र उलगडण्याचे कामही त्याच प्रोसेसरवर पडते. त्यासाठी शेजारी मोबाइल ठेवावा. विषाणू-प्रतिबंधक आज्ञावलीची तपासणी व विंडोजची अद्ययावत्‌ता आदल्या दिवशीच उरकून घ्यावी. लॅपटॉप असेल तर उष्णतेची चिंता करावी. प्रोसेसर तापला की तो स्वतःच आपला वेग उतरवितो; त्यामुळे पहिली वीस मिनिटे सुरळीत चाललेले प्रक्षेपण नंतर अडखळू लागते व कारण कोणालाच समजत नाही. उन्हाळी शिबिराच्या वेळी पत्र्याच्या खोलीत हे हटकून घडते. पंख्याच्या जाळीतील धूळ काढावी आणि लॅपटॉप सतरंजीवर अगर गादीवर न ठेवता टेबलावर, खालून हवा खेळेल असा, कडांखाली दोन वह्या देऊन ठेवावा. वीज गेल्यावर पुष्कळ लॅपटॉप बॅटरी वाचविण्यासाठी वेग कमी करतात. विजेच्या भारनियमनाच्या गावात हे गृहीत धरूनच पुढील चाचणी घ्यावी.

चाचणी कशी घ्यावी, ह्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. रंगमंच रिकामा असताना कॅमेरा लावून पाहिले तर सारे उत्तम दिसते, कारण स्थिर पडद्याचे तुकडे मागील चौकटीत जागच्या जागी सापडतात आणि शोध तेथेच संपतो. फळ्यासमोर उभा राहून शिकविणारा शिक्षक हाही प्रोसेसरच्या दृष्टीने हलका विषय होय. लेझीम, कोळीनृत्य, मागे वाऱ्याने हलणारी कडुनिंबाची फांदी, उधळलेली फुले, ह्यांत जवळजवळ प्रत्येक तुकडा हललेला असतो आणि भार एकदम चढतो. अंधूक प्रकाशात तर कॅमेरा स्वतःच चित्रात कण मिसळतो; हे कण प्रत्येक चौकटीत नव्या जागी असल्यामुळे मागील चौकटीत त्यांचा जोड सापडत नाही. रंगमंचावर एक दिवा अधिक लावणे हा म्हणूनच प्रोसेसरचाही भार उतरविण्याचा उपाय आहे. तेव्हा चाचणी रंगीत तालमीच्या दिवशी, सर्वांत दाट हालचालीच्या नृत्याच्या वेळी, त्याच दिव्यांत, निदान अर्धा तास घ्यावी. त्यातील दहा मिनिटे विजेची पिन काढून ठेवावी. त्या अवधीत भार सरासरी ६० ते ७० टक्क्यांच्या आत राहिला आणि ‘एन्कोडिंग लॅग’चा आकडा शून्याजवळ राहिला, तर कार्यक्रमाच्या दिवशी निश्चिंत राहण्यास हरकत नाही.

थेट प्रक्षेपणाबरोबर संगणकावर मुद्रणही करावे. फडावरचा पालक दिवसा कामात असतो. त्याला रात्री पाहावयास मिळेल ते हे मुद्रणच. थेट प्रक्षेपण आणि मुद्रण ह्यांत निवड करण्याची पाळी आली तर मुद्रण राखावे. परंतु बहुधा तशी पाळी येत नाही. मुद्रणाच्या सेटिंगमध्ये प्रक्षेपणाचाच सांकेतक वापरण्याचा पर्याय असतो. तो निवडल्यास सांकेतीकरण एकदाच होते व त्याच माहितीची एक प्रत डिस्कवर उतरते. प्रोसेसरवर जवळजवळ काहीच वाढीव भार पडत नाही. मुद्रणासाठी वेगळे, अधिक बारीक सेटिंग दिले तर मात्र तोच प्रोसेसर दोन श्रुतलेखने एकदम लिहू लागतो. मुलांची चित्रे असल्याने पालकांची संमती घेणे व दुवा सार्वजनिक न ठेवता ‘अनलिस्टेड’ ठेवणे, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे.

मुद्रण एमकेव्ही ह्या प्रकारात ठेवावे. साध्या एमपी४ मध्ये मुद्रण चालू असता मधेच वीज गेली व संगणक बंद पडला तर सबंध फाइल उघडत नाही असे होते. एमकेव्हीत तोवरचा भाग वाचतो. नंतर ओबीएसमधील ‘रीमक्स’ ह्या सोयीने तिचे एमपी४ करून घ्यावे. ह्यात सांकेतीकरण पुन्हा होत नाही, केवळ वेष्टन बदलते, म्हणून जुन्या संगणकावरही हे काम थोड्याच मिनिटांत आटोपते.

घरच्या चित्रफितींनाही हाच विचार लागू पडतो. नवे मोबाइल पुष्कळदा एचईव्हीसीत मुद्रण करतात आणि जुन्या टीव्हीला ते समजत नाही. घरच्या संगणकावरून जेलीफिन अगर प्लेक्स ह्यांच्याद्वारे अशी चित्रफीत टीव्हीवर लावली की संगणक ती पाहता पाहताच एच.२६४ मध्ये बदलू लागतो; श्रुतलेखनाची घाई पुन्हा सुरू होते आणि जो तो टीव्हीला नावे ठेवतो. अशा चित्रफिती एकदाच, सवडीने, हँडब्रेक ह्या विनामूल्य आज्ञावलीतून बदलून ठेवाव्यात. तेथे घाई नसल्यामुळे शोध स्लोवर ठेवता येतो आणि गुणवत्तेचा आकडा २२ च्या आसपास ठेवल्यास चित्र उत्तम येते. कामाची प्राथमिकता सामान्याहून खाली ठेवली की त्याच संगणकावर दिवसा निकालपत्रकाचे कामही करता येते. रात्री सुरू करून ठेवले, तर सकाळी परिपाठाच्या आधी फाइल तयार असते.